स्वालबार्ड, मामा आणि भाड्याची रायफल

पहिला दिवस, २४ ऑगस्ट २०२५

नॉर्वेच्या पार उत्तरेला, पांढऱ्या अस्वलांच्या स्वालबार्ड बेटांवर निघालो होतो. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विमानतळावर मामांनी पहिला प्रश्न विचारला, "बंदूक कुठाय?"

बंदूक घरी कपाटात कुलूपबंद होती आणि तिथेच राहणार होती. माझ्याकडे ६.५ × ५५ काडतुसाची रायफल आहे. नॉर्वेत शिकाऱ्यांकडे सर्रास असते तशी. शंभर वर्षं या काडतुसावर इथे मूस, म्हणजे इथली थोराड हरणं, आडवे पडत आलेत. पण स्वालबार्डला अस्वलासाठी जी किमान रेघ आखलेली आहे ती .३०८ या जास्त ताकदीच्या काडतुसापासून सुरू होते. माझी त्या रेघेच्या अलीकडे राहिली. मामांना हे पटलं नाही. "पाचशे किलोचा मूस पडतो आन् अस्वल पडत न्हाई?"

आमच्यासोबत खालच्या मजल्यावरचा नॉर्वेजियन शेजारी होता. तो पूर्वी चार वर्षं लाँगयीअरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावात, नोकरीला होता, म्हणूनच त्याला पटवून आणलं होतं. मी भाषांतर करून विचारलं. तो म्हणाला, "मूस गोळी लागल्यावर लांब पळतो आणि शंभर मीटरवर जाऊन मरतो. अस्वलही शंभर मीटर पळेल. पण तुमच्या दिशेने."

मामा थोडा वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "शेजारीबुवा शहाणा मानूस हाय."

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गाव अपशिंगे, जिल्हा सातारा. ज्या गावाच्या नावापुढे लोक आपसूक 'मिलिटरी' लावतात ते. १९७९ला मराठा लाइट इन्फंट्रीत गेले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. लष्कराची एसएलआर रायफल त्यांच्या खांद्यावर इतकी वर्षं होती की डावा खांदा अजून किंचित वर असतो. त्यांच्या तोंडून बंदुकीबद्दल कधी मर्दुमकीची गोष्ट ऐकली नाही. ऐकलं ते फक्त साफसफाईबद्दल.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. १९२०च्या तहात ती सोय आहे आणि भारतही त्या तहात आहे. पण तिथे जाताना शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर, पडावं लागतं आणि येताना परत आत यावं लागतं, त्यामुळे मामांचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा घेतला होता. यात चूक करून ट्रॉम्सोत अडकलेले पाहुणे मी पाहिलेत.

पावणेदोन तासांचं विमान. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं. मामांनी त्याला प्रदक्षिणा घातली, बॅग दोनदा समोरून निघून गेली तरी लक्ष नाही. बाहेर रस्त्याच्या कडेला ती प्रसिद्ध पाटी: लाल त्रिकोणात अस्वल आणि खाली 'संपूर्ण स्वालबार्डला लागू'.

गेस्ट हाऊसच्या दारात बूट काढायला लावले. खाणकामगारांच्या बुटांना कोळशाची काजळी असायची, तेव्हापासूनची रीत. गावच्या खाणी गेल्या, शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, याच जूनमध्ये बंद झाली, रीत राहिली. मामा खूश. "हे बरं हाय, घरच्यासारखं."

रात्री (म्हणजे घड्याळात रात्री, बाहेर लख्ख उजेड) मामांनी हिमाद्रीची चौकशी केली. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं हे ठाणं २००८पासून नी-ऑलेसुंडला आहे, इथून शंभरेक किलोमीटर वायव्येला. आम्हाला तिथे जाणं जमणार नव्हतं. पण तिथल्या आपल्या शास्त्रज्ञांनाही वस्तीबाहेर कामाला जायचं तर आधी रायफल शिकावी लागते, हे ऐकून त्यांना भारी समाधान वाटलं. घरांची दारं तिथे कुलूप न लावता ठेवतात, अस्वल दिसलं तर जवळच्या घरात शिरता यावं म्हणून. यावर मात्र म्हणाले, "आपल्याकडं आसं केलं तर अस्वलाआधी दुसरंच कुनीतरी शिरंल."

दुसरा दिवस, दुकान

वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पिटाळायचं साधन जवळ असणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बंदूक बाळगा असा सिसेलमेस्टरचा, म्हणजे इथल्या गव्हर्नरचा सल्ला. त्यामुळे बंदूक भाड्याने देणारं दुकान इथे सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाइतकंच साधं दिसतं. काउंटरवर कॉफी, शेजारी लोकरी मोजे, मागे भिंतीवर रायफली. पर्यटकाला त्यासाठी गव्हर्नरचा परवाना आधी काढावा लागतो. माझ्याकडे नॉर्वेजियन शस्त्रपरवाना होता, तेवढ्यावर काम झालं.

मी आठवडाभर वाचून आलो होतो आणि डोक्यात एकच नाव घोळत होतं: .३७५ एच अँड एच मॅग्नम. आफ्रिकेत रेड्यांवर चालवतात ती. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ती कधी चालवली आहे?" नव्हती. "मग पहिली गोळी झाडल्यावर दुसरी झाडायची तुमची इच्छा उरणार नाही." एवढं बोलून त्या कॉफी ओतायला वळल्या. विषय संपला.

मग मी रिव्हॉल्व्हरचं विचारलं. .४४ मॅग्नम. कमरेला लावली की दोन्ही हात मोकळे, असा माझा हिशेब. शेजाऱ्याने तो ज्यूलमध्ये, म्हणजे गोळीच्या ऊर्जेच्या मापात, खोडला. .४४च्या गोळीत साधारण दीड हजार ज्यूल. .३०८मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. .३०-०६मध्ये आणखी थोडे. आणि रिव्हॉल्व्हरने पंचवीस मीटरवर हलत्या वस्तूला लावणारा माणूस शंभरात एखादा. "तू त्यातला आहेस का?" मी त्यातला नाही.

बारा बोअरची पंप शॉटगन, त्यात अख्ख्या शिशाचा स्लग, हाही पर्याय होता. अलास्कात तो लोकप्रिय आहे. झाडीत, वीस पावलांवर, तपकिरी अस्वल झुडपातून बाहेर येतं तेव्हा तो छान. इथे झाड नावाची गोष्ट नाही. अस्वल दिसलं तर लांबून दिसतं, म्हणून लांबवर नेम राहणारी रायफल बरी.

उरल्या दोन. एक नवी .३०८, स्टेनलेस नळी, काळा प्लास्टिकचा दस्ता, दिसायला अगदीच निर्गुण. दुसरी जुनी माउझर ९८. युद्धानंतर जर्मन सैन्य नॉर्वेत हजारो रायफली सोडून गेलं. नॉर्वेजियनांनी त्यांना नव्या नळ्या बसवून .३०-०६ केलं आणि त्यातल्या कित्येक अजून या बेटावर अस्वलाच्या राखणीला आहेत. लाकडाला ऐंशी वर्षांचा घाम मुरलेला. मी हातात घेतली आणि माझं ठरून गेलं.

मामा हाताची घडी घालून मागे उभे होते. परवाना नाही म्हणजे हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मान पुढे काढून नळीवरचा शिक्का वाचला. "सात पॉइंट सहा दोन. अरे, ही तर आमचीच गोळी."

"पुढचा आकडा वाचा, मामा."

"त्रेसष्ट." चेहरा पडला. एसएलआरचं काडतूस ७.६२ × ५१. हे ७.६२ × ६३. गोळीची जाडी तीच, पण काडतूस बारा मिलिमीटर लांब. त्यांची खरी भावंडं शेजारच्या निर्गुण रायफलीत होती, कारण .३०८ म्हणजे जवळजवळ तीच ७.६२ × ५१. त्यांनी लगेच मत दिलं, "मंग ही काळी घे. मला हिची सवय हाय."

"पण चालवणार मी आहे, मामा."

"तेच म्हनतोय. तुला कशाचीच सवय न्हाई. माझ्या सवयीचा तरी उपयोग हुईल."

मी ऐकलं नाही. माउझरची काही गुणवैशिष्ट्यं मी त्यांना सुनावली. तिच्या बोल्टला (काडतूस भरायला हाताने मागेपुढे ओढायचा दांडा) लांब पंजा असतो, तो काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणीच पकडतो, त्यामुळे रायफल आडवी-उलटी कशीही धरली तरी काडतूस सांडत नाही. हे खरंच आहे. आणि हे सांगत असताना बाई मला बोल्टच्या मागच्या टोकावरच्या सेफ्टीबद्दल, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याबद्दल, काहीतरी समजावत होत्या. मी "हो, हो, माहितीये" म्हणत मान हलवत होतो.

गोळ्यांच्या वेळी मामांचा दिवस उजळला. बाईंनी नाकावर उघडं शिसं असलेली काडतुसं पुढे ठेवली, लागल्यावर फुलणारी. अस्वलाला तीच हवीत. पूर्ण तांब्याच्या कवचातली लष्करी गोळी भोक पाडून आरपार निघून जाते आणि अस्वल चालतच राहतं. मामा म्हणाले, "ही तर दमदम गोळी." कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात ती निघाली, १८९९च्या हेग परिषदेने ती युद्धात बंद केली. आयुष्यभर ज्या गोळीला हात लावायचा नाही असं जवानांना शिकवलं, तिचाच वीसचा डबा इथे लोकरी मोज्यांशेजारी विकायला. त्यांनी मला दोनदा विचारलं, इथे हिला परवानगी आहे याची खात्री आहे ना.

रायफल, वीस गोळ्या, सिग्नल पिस्तूल, त्याचे सहा बार आणि तंबूभोवती लावायची सापळ्याची तार, जिला धक्का लागला की बार उडतो. एवढं घेऊन बाहेर पडलो. गावात बंदूक भरलेली न्यायची नाही. बँकेच्या दारावर तर बंदुकीवर काट मारलेलं चित्रच आहे.

तिसरा दिवस, रेंज

शेजाऱ्याच्या जुन्या ओळखीने गावाबाहेरची रेंज दोन तास मिळाली. वारा बोचरा, पाऊस येतो-जातो.

आधी सिग्नल पिस्तूल. हे बंदुकीच्या आधीचं हत्यार. अस्वल लांब असताना त्याच्या आणि आपल्या मध्ये बार फोडायचा, आवाज-धुराने ते वळतं. मी झाडला. बार लक्ष्याच्या फळीवरून गेला आणि तिच्या मागे जाऊन फुटला. शेजारी शांतपणे म्हणाला, "छान. आता ते दचकून तुझ्याकडे पळत येतंय." दुसरा जवळ टाकला.

मग रायफल. फळी तीस मीटरवर. आधी सावकाश पाच गोळ्या, नेम बरा लागला, मी खूश. मग मामांनी मनगटावरचं एचएमटी सोडून हातात घेतलं. "आता घाईत. खांद्याला अडकवलेली, मी भर म्हनलं की काढायची आन् दोन गोळ्या."

हिशेब साधा होता. हे जनावर ताशी चाळीस किलोमीटरने धावतं, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पन्नास मीटरवरून निघालं तर साडेचार सेकंद. नेम डोक्यावर धरायचा नाही. कवटी उतरती, लहान आणि सतत हलती. छाती-खांद्यावर धरायचा आणि हालचाल थांबेपर्यंत झाडत राहायचं.

मॅगझिनमध्ये पाच, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामा. बोल्ट बंद केला, आणि घरच्या सवयीने सेफ्टी लावून टाकली.

"भर!"

रायफल खाली आली, सेफ्टीला अंगठा मारला, बोल्ट ओढला, ढकलला, दस्ता खांद्याला, चाप ओढला. काही नाही. गोळी फुसकी असेल म्हणून बोल्ट पुन्हा ओढला, काडतूस उडून चिखलात. चाप. काही नाही. पुन्हा बोल्ट, दुसरं काडतूस चिखलात. चाप. काही नाही. हातमोज्यात घाम फुटला. कानात मफ्स होते, तरी मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"थांब," मामा म्हणाले. "अकरा सेकंद. गोळ्या शून्य. चापावरनं बोट काढ. आता तसाच नेम धर आन् सांग, काय दिसतंय?"

मी नेम धरला. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, दिसेना. डोळ्यासमोर पोलादाचा एक तुकडा उभा होता, नखाएवढा रुंद, बरोबर नजरेच्या रेषेत. सेफ्टीचं पान.

माउझरचं हे पान तीन जागी बसतं. उजवीकडे आडवं असलं तर बोल्टही बंद आणि चापही बंद. डावीकडे आडवं असलं तर गोळी सुटते. आणि मधोमध उभं असलं तर बोल्ट मोकळा, पण चाप बंद, म्हणजे रायफल निर्धोकपणे रिकामी करता यावी यासाठीची सोय. घाईत माझा अंगठा अर्ध्यावरच थांबला होता. त्यामुळे बोल्ट लोण्यासारखा चालत होता, काडतुसं येत होती, जात होती, आणि ही रायफल दिवसभर खेळवली असती तरी एक गोळी सुटली नसती. ते पान उभं असताना माशी झाकून टाकतं, म्हणजे रायफल आपल्या परीने सांगत असते की मी बंद आहे. मी तिच्यातून पलीकडे बघत होतो.

बाई काल हेच सांगत होत्या.

शेजाऱ्याने दोन्ही काडतुसं चिखलातून उचलली, पुसली, आणि मग २०११ची गोष्ट सांगितली. ऑगस्टच, लाँगयीअरब्येनच्या ईशान्येला फॉन पोस्ट हिमनदीजवळ ब्रिटिश मुलांचा तळ. पहाटे अस्वल तंबूत शिरलं. सापळ्याची तार वाजली नाही. गटप्रमुखाने रायफल चालवायचा प्रयत्न केला, न उडालेल्या गोळ्या एकामागून एक बाहेर पडल्या. सतरा वर्षांचा मुलगा गेला, चौघे जखमी झाले. गटप्रमुखाने स्वतः जखमी असताना जमिनीवरची गोळी उचलून भरली तेव्हा कुठे अस्वल पडलं. रायफल माउझर ९८. पुढे चौकशीत बोट याच तीन जागांच्या सेफ्टीकडे गेलं.

मी रायफल बाकावर ठेवली. माझ्या दुकानातल्या सगळ्या प्रश्नांत कॅलिबर होतं, ज्यूल होते, लाकूड होतं. अंगठा कुठेच नव्हता.

संध्याकाळी दुकानात जाऊन ती निर्गुण .३०८ मागितली. सकाळीच गेली होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मग गेस्ट हाऊसच्या अंगणात त्यांनी उपाय काढला. शेजारी म्हणाला इथे शिकवतातही असंच. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरायच्या, वरची अंगठ्याने दाबून धरायची, बोल्ट तिच्या डोक्यावरून पुढे न्यायचा म्हणजे चेंबर रिकामाच राहतो, आणि बोल्टचा दांडा खाली करताना चाप दाबून ठेवायचा. स्प्रिंग सैल पडते. सैल स्प्रिंगवर माउझरचं ते पान वळतच नाही, लावायची म्हटली तरी सेफ्टी लागत नाही. खांद्यावर असताना ती धोकादायक नाही, कारण चेंबरमध्ये काही नाही. वेळ आली की एकच हालचाल: बोल्ट मागे, पुढे. नेम. चाप. अंगठ्याला कामच ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तासभर पुन्हा रेंज. मामांच्या घड्याळात पहिली गोळी साडेतीन सेकंदांत. वीसपैकी चौदा संपल्या, सहा उरल्या.

चौथा दिवस, ब्योर्नडालेन

टॅक्सीने विमानतळाच्या पुढे, रस्ता संपतो तिथे सोडलं. पुढे ब्योर्नडालेन, शब्दशः अस्वलदरी. हा भाग गव्हर्नरच्या दहा क्रमांकाच्या क्षेत्रात येतो, इथे फिरायला वेगळी नोंद लागत नाही. दरी रुंद, दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या कातळासारख्या आडव्या थरांचे डोंगर, फक्त हिरवं काही नाही. पायाखाली ओलं शेवाळ आणि खडी. ठेंगण्या पायांची रेनडिअर आम्हाला बघून चरायची थांबलीसुद्धा नाहीत.

खडीच्या सपाटीवर, चहूकडे तीनशे मीटर दिसेल अशा जागी तंबू. जेवण शंभर पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मामींनी दिलेली भाजणी आणि लसणाची चटणी. शेजाऱ्याने चटणीचा वास घेऊन डबा लगेच बंद केला आणि तो डबाही लांब ठेवायला लावला. सील बर्फाखाली असला तरी ज्याला वास येतो, त्याला ही चटणी या स्पिट्सबर्गेन बेटाच्या दुसऱ्या टोकाला कळेल, असं त्याचं म्हणणं.

तार आम्ही तिघांनी मिळून लावली. मामांनी चारही खुंट्या स्वतः ठोकल्या, ताण बघितला, गुडघाभर उंचीवर आहे याची खात्री केली. मग पहाऱ्याच्या पाळ्या, दोन-दोन तासांच्या. मामांच्या पाळीत त्यांच्याकडे दुर्बीण आणि शिट्टी. शिट्टी वाजली की मी रायफल घेऊन बाहेर. रायफल तंबूत घ्यायची नाही. उबेत आली की धातूवर, दुर्बिणीवर दव धरतं. म्हणून ती बाहेरच्या पडवीत, कापडाखाली.

चहा पिताना शेजाऱ्याने अलास्कातल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २०१२ साली छापलेला. बंदूक जवळ असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या २६९ घटना. लांब बंदुकीने काम झालं १०० पैकी ७६ वेळा, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ८४ वेळा. माझी भुवई वर गेली. म्हणजे माझं .४४ बरोबर होतं की! शेजारी म्हणाला, पिस्तुलाच्या घटना खूपच थोड्या होत्या, आणि बंदूक वापरली काय किंवा नाही वापरली काय, जखमी होण्यात फारसा फरक दिसला नाही, असंही त्यातच लिहिलंय. मामांनी भाषांतर ऐकून घेतलं. "पिस्तूल कमरंला आसतं. रायफल झाडाला टेकवून मानूस लघवीला जातो. एवढाच फरक." आणि मिरचीचा फवारा? त्याचाही अभ्यास आहे, २००८चा, तपकिरी अस्वलांवर १०० पैकी ९२ वेळा चालला. मामा म्हणाले, "लवंगी आसंल."

सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास डोंगराआड गेला, उजेड राहिला. रात्री दोनला धाडकन बार उडाला.

मी झोपेतून उठून बाहेर कसा आलो, कळलं नाही. पण हातात रायफल होती, बोल्ट मागे-पुढे झालेला होता, माशी दिसत होती आणि माशीच्या टोकावर मामा उभे होते. पायात तार गुंतलेली. एका हातात पायजम्याची नाडी.

"नेम काढ," ते म्हणाले. "आधी नेम काढ."

मी नळी खाली केली, बोल्ट उघडून काडतूस काढलं. हात थरथरत होते. शेजारी तंबूतून डोकं काढून बघत होता आणि हसू नये म्हणून ओठ चावत होता. मामांनी तार सोडवली, नवा बार लावला, नाडी बांधली. मग हळूच विचारलं, "किती सेकंद लागले रं तुला?"

कुणीच मोजले नव्हते. याचं त्यांना सकाळपर्यंत वाईट वाटत होतं.

पाचवा दिवस

बेत होता दरीच्या वरच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. त्याआधी मामांना समुद्र बघायचा होता म्हणून ओढ्याच्या मुखापर्यंत खाली उतरलो. तिथे ओढा ईसफ्योर्ड या समुद्राच्या खाडीला मिळतो आणि बारीक राखाडी गाळ साचतो.

पाऊल गाळात होतं. कडा धारदार, तळाला पाणीसुद्धा साचलेलं नव्हतं. शेजारचं दुसरं, मग तिसरं, मग पाण्यात. मामा उकिडवे बसले आणि हात न लावता वर वीत धरली. एक वीत आणि वर चार बोटं. पुढे पाच नख्यांचे ठिपके. आम्ही तिघंही काही बोललो नाही. गुडघ्यामागून पाय थंड होतात असं पुस्तकात वाचतो ना, तसं काही झालं नाही. मला फक्त बोल्टचा दांडा कुठे आहे तेवढंच कळत होतं, जणू तेवढाच माझा देह.

शेजाऱ्याने वर चढावर जाऊन सिसेलमेस्टरच्या कार्यालयाला फोन लावला. इथे अजून मोबाइलची रेंज होती. जागा, दिशा, अंदाजे वेळ. पलीकडून सूचना: परत फिरा, मोकळ्या जागेने, दिसलं तर जवळ जाऊ नका. यंदाच्या जानेवारीपासून नियमच आहे, अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर. १९७३पासून इथे ते संरक्षित आहे; स्वसंरक्षणात मारलं तरी चौकशी होते, आणि ती नावापुरती नसते. बॅरेंट्स समुद्राच्या पट्ट्यात सगळी मिळून तीनेक हजार आहेत.

तंबू एरवी पाऊण तासात आवरतो, वीस मिनिटांत आवरला. चटणीचा डबा राहिला होता, तो आणायला मामा एकटे निघाले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. ते थांबले. मी रायफल घेऊन सोबत गेलो.

परतीची वाट आम्ही किनारा सोडून, उंचावरच्या खडीतून काढली. पुढे शेजारी, सिग्नल पिस्तूल हातात. मध्ये मी. मागे मामा, दर पन्नास पावलांनी पूर्ण वळून मागे बघत. पाऊस लागला. रायफलीच्या नळीच्या तोंडाला त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला होता, पाणी जाऊ नये म्हणून. गोळी त्यातून बिनदिक्कत जाते. दोन तास चाललो. एक पांढरा दगड, एक पांढरा पिंप, रेनडिअरचा पांढरा पार्श्वभाग. अस्वल दिसलं नाही. कुठून तरी ते आमच्याकडे बघत होतं किंवा नव्हतं.

टॅक्सीत बसायच्या आधी रस्त्यावर मामांनी मला थांबवलं. "खाली कर." मी बोल्ट पाच वेळा ओढला, पाच काडतुसं हातात घेतली, सहावं खिशातलं दाखवलं. त्यांनी वाकून चेंबरमध्ये बघितलं. मग माझ्याच करंगळीने तपासायला लावलं.

सहावा दिवस

दुपारचं विमान. सकाळी रायफल परत करायला गेलो. बाईंनी सहा गोळ्या मोजल्या, नळीतून उजेडाकडे पाहिलं, पावलाचं ऐकून नकाशावर ठिकाण विचारलं.

शेजारच्या काउंटरवर एक तरुण जोडपं होतं, परवान्याचा कागद समोर, बहुधा स्पेनचं. भिंतीवरची दुसरी माउझर त्यांच्या हातात होती आणि दुकानातला मुलगा त्यांना सेफ्टी समजावून देत होता. तो पोरगा सांगत होता आणि तो तरुण मान हलवत होता, लाकडावरून हात फिरवत. हो, हो.

मामांनी माझी बाही ओढली. "त्यांना सांग."

"दुकानदार सांगतोय, मामा."

"तुलाबी सांगितलं हुतं."

मी गेलो, माफी मागितली, इंग्रजीत म्हटलं की हे पान जरा उभं करून बघा. तरुण हसला. मुलीने मात्र रायफल घेतली, बोल्ट उघडून रिकामी आहे ते आधी बघितलं, पुन्हा बंद केला, पान मधोमध उभं केलं आणि खिडकीबाहेरच्या डोंगरावर नेम धरला. बराच वेळ धरून राहिली.

"काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

मी भाषांतर करायच्या आत मामा म्हणाले, "बराब्बर."